गाळणीचे आयुष्य महिन्यांत मोजावे काय?

बँकेतील बदल्यांचे आदेश बहुधा उन्हाळ्यात निघतात. पुणे, नाशिक किंवा नागपूरहून दिल्लीस गेलेले मराठी कुटुंब जूनअखेर तेथे स्थिरावते, मुलांच्या शाळा सुरू होतात, भाजीवाला व दूधवाला ठरतो आणि ‘दिल्ली ऐकली होती तेवढी वाईट नाही’ असा निरोप गावी जातो. मग दिवाळी येते. वारा मंदावतो, थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो, पंजाब-हरियाणातील भातशेतीचे खुंट जाळल्याचा धूर शहराच्या स्वतःच्या धुरात मिसळतो, आणि घरातील धाकट्याचा खोकला पंधरवडा उलटला तरी हटत नाही. त्या आठवड्यात घरात हवा शुद्ध करणारे यंत्र येते. पहिला हिवाळा निभावून जातो. फेब्रुवारीअखेर यंत्र पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले जाते.

खरा प्रश्न दुसऱ्या हिवाळ्यात उभा राहतो. यंत्र खाली उतरते, कळ दाबताच हिरवा दिवा लागतो, पंखा फिरू लागतो; परंतु आतील गाळणी गेल्या वर्षीचीच असते. ती बदलावी की आणखी काही काळ चालवावी? माहितीपुस्तिका सहा महिने ते एक वर्ष असे सांगते. दुकानदार सहा महिन्यांवर ठाम असतो. शेजारच्या घरी तीच गाळणी तिसऱ्या वर्षी चालू असते आणि ‘काही होत नाही’ असा निर्वाळा मिळतो. तिन्ही उत्तरे परस्परविरोधी आहेत, पण त्यांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही काळाच्या मापाने दिलेली आहेत, आणि गाळणीच्या बाबतीत काळ हे मापच मुळात अपुरे आहे.

याचे कारण समजण्यासाठी गाळणी काय करते हे थोडे पाहावे लागते. अशा यंत्रांत जी घड्या घातलेली पांढरी गाळणी असते तिला ‘हेपा’ म्हणतात. या प्रकारच्या गाळणीचा विकास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडविण्यासाठी झाला. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण तिने अडवावेत अशी तिची रूढ कसोटी आहे. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. गाळणी म्हटले की स्वयंपाकघरातील पिठाची चाळणी डोळ्यांसमोर येते. पण येथे चाळणीचा नियम चालत नाही. तंतूंच्या दाट जाळ्यातून हवा वळणे घेत जाते. मोठे कण त्या वळणावर स्वतःच्या वेगाने तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतस्ततः भरकटतात आणि भरकटताना तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण तेवढे दोन्ही सापळ्यांतून निसटण्याची शक्यता अधिक. म्हणून कसोटी त्यांच्यावर घेतली जाते. ‘हेपासारखी’ किंवा ‘हेपा-टाइप’ असे शब्द वेष्टनावर असतील तर ही कसोटी त्या गाळणीस लागू नाही, एवढे खरेदी करताना ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

आता गाळणी ‘संपते’ म्हणजे काय होते? बहुतेकांची समजूत अशी की जुनी गाळणी धूळ सोडू लागते. खऱ्या हेपा गाळणीत बहुधा याच्या उलट घडते. तंतूंवर कण साचत गेल्याने जाळे अधिकच दाट होते आणि कण अडविण्याची तिची क्षमता कमी न होता किंचित वाढते. कमी होते ती तिच्यातून जाणारी हवा. यंत्रातून बाहेर येणारी झुळूक शुद्धच असते, परंतु ती इतकी क्षीण असते की खोलीतील उरलेल्या हवेवर तिचा परिणाम होत नाही. नेमकी हीच बाब घातक आहे, कारण यंत्राच्या तोंडाशी हात धरला तर गार हवा लागते, दिवा हिरवा दिसतो आणि घरातील माणसे निश्चिंत होऊन झोपतात. दम्याचा त्रास असलेल्या आजोबांचा श्वास मात्र त्या निश्चिंततेवर चालत नाही.

काही गाळण्यांची गोष्ट वेगळी असते. त्यांच्या कृत्रिम तंतूंवर विद्युत्भार दिलेला असतो आणि कण ओढून घेण्याचे पुष्कळसे काम तो भार करतो. धूर व तेलकट वाफ यांनी हा भार झाकला जातो. मग हवा पूर्वीइतकीच वाहते आणि कण खरोखरच निसटू लागतात. त्या गाळणीच्या रंगावरून किंवा पंख्याच्या आवाजावरून काहीही कळत नाही. कोळशाच्या थराचा हिशेब तिसराच. तो धुळीसाठी नसून वास व वायूंसाठी असतो. त्याची धारणशक्ती संपली की वास पुन्हा येऊ लागतो, आणि नाक हेच त्याचे बऱ्यापैकी विश्वसनीय मापक होय.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास घसाऱ्याच्या पद्धती शिकविल्या जातात. इमारतीचा किंवा फर्निचरचा घसारा सरळ रेषेने, दरवर्षी समान रकमेने काढला तरी चालते. परंतु खाणीचे किंवा विशिष्ट यंत्राचे आयुष्य वर्षांत मोजणे दिशाभूल करणारे असते. तेथे किती टन खनिज काढले, किती तास यंत्र चालले, यावर घसारा आकारतात. मोटारीचे तेल किलोमीटर पाहून बदलतात, हे तर प्रत्येक वाहनधारकास ठाऊक आहे. गाळणी याच जातीची वस्तू आहे. तिने किती महिने पाहिले यापेक्षा तिने किती धूळ पोटात घेतली हा तिच्या आयुष्याचा हिशेब होय.

हा हिशेब कल्पनेतला नाही. चीनच्या ‘जीबी/टी १८८०१’ या राष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत गाळण्यांची प्रतवारी याच तत्त्वावर केली होती. यंत्राचा शुद्ध हवेचा ताशी पुरवठा मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत गाळणीने एकूण किती मिलिग्रॅम कण हाताळले, ती संख्या म्हणजे गाळणीचे आयुष्य. सर्वांत वरची प्रत १२,००० मिलिग्रॅमपासून सुरू होत असे. म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम! चमचाभर मिठाहून फार अधिक नाही. पण फुप्फुसात उतरणाऱ्या सूक्ष्मकणांच्या मानाने हा डोंगर आहे.

ही संख्या हाती घेऊन साधे गणित मांडता येते. समजा, यंत्र ताशी ३०० घनमीटर शुद्ध हवा देते व दिवसाचे बारा तास चालते. दिल्लीच्या नोव्हेंबरमध्ये खिडक्या बंद व यंत्र चालू असूनही खोलीतील पीएम २.५ कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम राहिले असे मानू. तासाला १५ मिलिग्रॅम, दिवसाला १८० मिलिग्रॅम धूळ गाळणीत जमा झाली. १२,००० चा हा साठा ६७ दिवसांत भरतो. पुढेपुढे हवा कमी वाहते हे जमेस धरले तरी दोन ते तीन महिने, याहून अधिक नाही. आता तेच यंत्र व तीच गाळणी मुंबईच्या ऑगस्टमध्ये ठेवली, जेव्हा पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि खोलीतील प्रमाण १० मायक्रोग्रॅम आहे असे समजले, तर दिवसाचा भरणा ३६ मिलिग्रॅमचा होतो व गाळणी सुमारे अकरा महिने पुरते. एकाच वस्तूच्या आयुष्यात पाचपट अंतर पडले. ‘सहा महिने’ हे उत्तर दिल्लीच्या घरासाठी फार उशिराचे आणि मुंबईच्या घरासाठी फार लवकरचे ठरले. प्रयोगशाळेतील धूर आणि घरातील धूळ एकसारखी नसते, म्हणून हे आकडे ढोबळच धरावेत. परंतु प्रमाण चुकत नाही.

यंत्रावरील ‘गाळणी बदला’ हा लाल दिवा यावर तोडगा आहे असे वाटते. पण अनेक साध्या यंत्रांत तो दिवा धूळ मोजत नाही, तास मोजतो. ठरावीक तास भरले की तो लागतो. हवा नोव्हेंबरची होती की ऑगस्टची, याचे त्यास सोयरसुतक नसते. आणि तो लागल्यावर कळ काही सेकंद दाबून धरली की विझतो, हा शोध प्रत्येक घरात लवकरच लागतो. लेखापरीक्षणातील शेरा कोणतीही पूर्तता न करता निकाली काढण्याचाच हा प्रकार आहे.

दिव्यापेक्षा अधिक भरवशाची तपासणी घरच्या घरी करता येते आणि तिला फारसा खर्च नाही. सूक्ष्मकण मोजणारे लहानसे मापक आता बाजारात सहज मिळते. एखाद्या गृहसंस्थेत चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी भागते. नवी गाळणी बसविल्याच्या दिवशी खोलीचे दार व खिडक्या बंद कराव्यात, मापक यंत्रापासून दूर, पलंगाच्या उंचीवर ठेवावे आणि यंत्र सर्वाधिक वेगावर चालू करावे. मापकावरील आकडा निम्म्यावर येण्यास किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. ताशी ३०० घनमीटर देणारे यंत्र तेथील कण हिशेबाने साडेपाच-सहा मिनिटांत निम्मे करते. बाहेरची हवा फटींतून येत असते व घरातील हवा पूर्ण मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागेल. महत्त्व त्या पहिल्या आकड्याला आहे. पुढे दर महिन्यास, त्याच खोलीत, त्याच वेगावर तोच प्रयोग करावा. पहिल्या दिवसाच्या दुप्पट वेळ लागू लागला की यंत्राचे काम निम्म्यावर आले असे समजावे. गाळणी घडीबंद असो वा विद्युत्भाराची, हवा अडलेली असो वा कण निसटत असोत, ही कसोटी दोन्ही दोष पकडते.

एक सावधगिरी आवश्यक. दाट धुक्यात ही छोटी मापके पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतात व फुगवून आकडा सांगतात, म्हणून धुक्याची पहाट टाळावी. यंत्राच्या अंगावरचा आकडाही पुरेसा नाही, कारण ते मापक यंत्राच्या स्वतःच्याच शुद्ध झुळुकीत बसलेले असते. स्वतःच्या कामाचा अहवाल स्वतःच लिहिणाऱ्याबद्दल जेवढा विश्वास बाळगावा तेवढाच त्यावर ठेवावा.

काम निम्म्यावर येताच गाळणी फेकलीच पाहिजे, असेही नाही. लहान खोलीसाठी मोठे यंत्र घेतलेल्या घरास निम्मे कामही पुरते. पहाटे झोपण्याच्या खोलीतील आकडा काय राहतो, हे अखेरचे प्रमाण मानावे. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरविलेल्या मानकानुसार पीएम २.५ चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. यंत्र पूर्ण वेगाने चालूनही खोली ६० च्या खाली येत नसेल, तर त्या गाळणीत आणखी दोन महिने काढण्याची काटकसर करू नये, विशेषतः त्या खोलीत तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा हृदयविकाराचा रुग्ण झोपत असेल तर.

काटकसरीचा विषय निघालाच आहे तर खर्चाचेही बोलले पाहिजे. यंत्र विकत घेताना ग्राहक यंत्राची किंमत पाहतो, हप्ते पाडून घेतो व निश्चिंत होतो. समजा यंत्र १२,००० रुपयांचे व गाळणी ३,००० रुपयांची आहे. दिल्लीच्या एका हिवाळ्यास दोन गाळण्या लागल्या तर पाच वर्षांत गाळण्यांचा खर्च ३०,००० होतो, म्हणजे यंत्राच्या अडीचपट. हा आकडा खरेदीच्या दिवशी कोणी सांगत नाही, म्हणून तो पुढे अचानक आलेला खर्च वाटतो, आणि अचानक आलेला खर्च पुढे ढकलण्याकडेच मध्यमवर्गीय मनाचा कल असतो. दर महिन्यास पाचशे रुपयांचे आवर्ती ठेव खाते या नावाने काढले तर वर्षाकाठी दोन गाळण्या निघतात. ज्या यंत्राच्या गाळणीचा खर्च झेपणार नाही ते यंत्र घेऊ नये, लहान घ्यावे व एकाच खोलीत वापरावे. मृत गाळणीचे मोठे यंत्र असण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

हे सारे गणित ग्राहकाने स्वतः मांडावे अशी अपेक्षा मुळात न्याय्य नाही. वातानुकूलन यंत्रांवर वीजबचतीचे तारे दर्शविणारी पट्टी २००६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात आली व २०१० पासून सक्तीची झाली. त्या एका पट्टीमुळे सामान्य ग्राहक यंत्राच्या किमतीबरोबर विजेच्या खर्चाचाही विचार करू लागला. गाळणीच्या वेष्टनावरही तिची धूळ सामावण्याची क्षमता मिलिग्रॅममध्ये ठळकपणे छापली जावी. आज आपल्याकडील वेष्टनांवर ही संख्या क्वचितच आढळते. आढळतात ते महिने. महिने छापणे उत्पादकास सोयीचे आहे. त्यात चुकीचे काही सिद्ध होत नाही आणि विक्रीचे चक्रही नियमित फिरते.

घरात मूळ यंत्रावर पडणारा भार कमी करणे हा आणखी एक मार्ग आहे व तो आपल्या हातचा आहे. पुढची जाळीदार गाळणी, जी केस, कापसाचे तंतू व जाड धूळ अडविते, ती दर पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. मागची हेपा मात्र पाण्याखाली धरू नये. कागदासारखे ते तंतू भिजल्यावर पूर्ववत होत नाहीत. गच्चीत नेऊन कठड्यावर आपटणे तर वाईटच. महिनाभर पकडलेले कण ते आपटणाऱ्याच्याच नाकात जातात. डासांच्या अगरबत्तीचे काय करावे? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी एक वेटोळी अगरबत्ती जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्मकण सोडते असे आढळले होते. ती ज्या खोलीत जळते तेथे यंत्र चालविणे म्हणजे एका हाताने भरणा व दुसऱ्या हाताने उचल. मच्छरदाणी लावावी. देवघरातील उदबत्ती व स्वयंपाकघरातील फोडणी कोणी बंद करणार नाही आणि करूही नये; तेवढ्या वेळेपुरते झोपण्याच्या खोलीचे दार लोटून घ्यावे व स्वयंपाकघरातील बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवावा.

वातानुकूलन यंत्रातील जाळीबद्दल मोठाच गैरसमज आहे. ती नायलॉनची जाळी खोलीतील माणसांसाठी नसून आतील गार नळ्यांवर धूळ बसू नये यासाठी असते, पीएम २.५ कण तिच्यातून बिनदिक्कत आरपार जातात. ती बदलावयाची नसते, धुवावयाची असते, आणि वर्षातून तीनदा येणाऱ्या देखभाल करारातील कारागिरावर ते सोपवून चालत नाही. बँकांच्या शाखांत हे विशेष जाणवते. नोटा मोजण्याच्या यंत्राभोवतीची धूळ, दिवसभर उघडझाप होणारे दार आणि माणसांची वर्दळ यांमुळे तेथील जाळ्या दोन आठवड्यांत राखी होतात. शाखेतील कोणा एकाकडे हे काम नेमून द्यावे व रोकड खात्यातील जाळी सर्वांत आधी धुवावी. तेथे काम करणारा कर्मचारी आपल्या खुर्चीवरून दिवसभर उठत नाही.

घरोघरी गाळण्या बसविणे हा प्रदूषणावरील उपाय नव्हे, ही टीका योग्यच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, चंद्रपूर ही शहरेही आहेत, आणि मुंबईच्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. तेव्हा हा केवळ उत्तरेचा प्रश्न राहिलेला नाही. शिवाय ज्याचे कामच रस्त्यावर आहे त्यास घरातील यंत्राचा काय उपयोग? पण शहराची हवा सुधारेपर्यंत घरातील आजाऱ्याने वाट पाहावी, असे या टीकेतून निघत नाही. ज्या घरांनी पदरमोड करून यंत्र घेतलेच आहे, त्यांच्या पैशाचा मोबदला तरी पूर्ण मिळावा.

माळ्यावरून यंत्र उतरविण्याचा योग्य काळ सप्टेंबरची अखेर हा आहे. तेव्हा जुनी गाळणी काढून पाहावी. पावसाळ्यात बुरशीचा वास धरलेली गाळणी, तिचा साठा शिल्लक असला तरी, टाकून द्यावी. इतरांनी वर सांगितलेली तपासणी करून निर्णय घ्यावा, आणि लागणारी नवी गाळणी दिवाळीपूर्वीच आणून ठेवावी, कारण धुराच्या पहिल्या आठवड्यात ती दुकानांतून नाहीशी होते व अनोळखी बनावटीची जागा घेते. जुनी काढताना नाकावर मास्क असावा, ती लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी. नवी बसविताना तिच्यावरचे पारदर्शक वेष्टन काढले आहे याची खात्री करावी. ते तसेच राहून आख्खा हिवाळा गेलेली घरे कमी नाहीत.